छापून येईपर्यंत

एका जंगलात मंगळवार होता. जंगलात वार कुठून आले, असं विचारू नका, मुलांनो. जिथे वर्तमानपत्र निघतं तिथे वार असतातच.

वर्तमानपत्राचं नाव 'वनव्यापार'. चिंचोके कुठे स्वस्त झाले, कुठल्या पोळ्यात मध कमी भरला, हे सगळं त्यात यायचं. संपादक होते साळिंदरराव. लिहायला ते स्वतःचेच काटे वापरत. त्यामुळे आपलं लिखाण बोचरं आहे, अशी त्यांची समजूत होती.

त्या दिवशी कचेरीत 'आमचं ध्येय, आमची मूल्यं' या विशेष अंकाची तयारी चालली होती. 'निर्भीड' आधी घ्यावं की 'अचूक', यावर सकाळपासून खल सुरू होता. तेवढ्यात बातमीदार टिटवी आली. घूसशेठचं गोदाम ज्या उंबराच्या ढोलीत होतं, तो उंबर वाळवीने आतून पोखरलाय, असं तिने सांगितलं. अर्ध्या जंगलाची पावसाळ्याची बेगमी तिथेच होती.

साळिंदरराव स्वतः जाऊन बघून आले. बुंध्याला हात लावला की भुसा गळत होता. बातमी खरी होती.

पण घूसशेठची बाजू घ्यायला हवी होती. विचार करून कळवतो, असा घूसशेठचा निरोप आला. शिवाय विशेष अंकात जागा नव्हती. मागच्या पानावर घूसशेठची जाहिरात होती. तिचा याच्याशी काही संबंध नाही, हे साळिंदररावांनी टिटवीला तिने न विचारताच सांगितलं.

संध्याकाळी घराशी त्यांना चिंगीताई खार भेटली. ही त्यांची शेजारीण. साळिंदरीणबाई गेल्या तेव्हा ती रोज दाराशी शेंगा ठेवून जायची.

"भाऊ, राहिलेले चिंचोकेही उंबरात टाकायचे म्हणतेय. उद्या जाते. टाकू ना?"

साळिंदररावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मूल्यांत एक मूल्य असं होतं की, छापण्याआधी बातमी ओळखीच्यांना सांगायची नाही. एकाला आधी कळलं तर तो आपलं तेवढं काढून घेतो आणि बाकीचे बुडतात. हे मूल्य त्यांनीच लिहिलं होतं. चांगलंच होतं ते.

"अंक वाचत जा, ताई," ते म्हणाले.

"वाचते की. तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणजे ठीकच असणार. तुमच्यामुळे आम्हाला घोर नसतो बघा."

बुधवारी मूल्यांचा अंक निघाला. फार देखणा निघाला. टिटवीने विचारलं की मी नुसती उडत जाऊन सगळ्यांना ओरडून सांगू का?

"आपण वर्तमानपत्र आहोत," साळिंदरराव म्हणाले. "दवंडी नव्हे."

दुपारी वारा सुटला. फार काही नव्हता. उंबर खाली बसला. चिंगीताईने पोरांना लांब थांबवलं होतं. आत ती एकटीच गेली होती.

'वनव्यापार'ने ही बातमी सर्वांत आधी दिली. घूसशेठची बाजूही त्यात होती. त्यांना दुःख झालं होतं. मृत म्हणून चिंगीताईचं नाव टाकताना साळिंदररावांनी ते पुन्हा एकदा तपासून घेतलं. बरोबर होतं. पुढे शेजारच्या जंगलाने अचूकतेबद्दल त्यांना मोरपीस दिलं. सत्काराच्या भाषणात त्यांनी वाचकांचे आभार मानले.

तात्पर्य : मुलांनो, शेजाऱ्याला काही सांगायचं झालं तर आधी छापून आणावं. नुसतं तोंडाने सांगितलं की निष्पक्षपणाला डाग लागतो. शेजारी मरतात, पण मूल्यं टिकतात, आणि पुढच्या वर्षी त्यांचा पुन्हा विशेष अंक काढता येतो.

चिंगीताईची पोरं अजून साळिंदररावांच्या शेजारच्या त्याच झाडावर राहतात. साळिंदरराव त्यांना भेटायला गेलेले नाहीत.