रात्रीत वाढलेला काटा

सोमवारी सकाळी सात वाजता जावयानं गाडीची चावी फिरवली आणि इंधनाचा काटा पाहून त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. काल संध्याकाळी काटा पाव टाकीवर होता. आता तो अर्ध्याच्या बराच वर जाऊन बसला होता.

जावई वजनमापं तपासणारा निरीक्षक होता. वीस वर्षांत त्यानं शेकडो मापं पकडली, पण सगळी कमी भरलेली. जास्त भरलेलं माप त्याला उभ्या नोकरीत भेटलं नव्हतं, त्यामुळे त्याचा संशय दुप्पट झाला. फुकटात कोणी काही देत नाही, यावर त्याचा इतका विश्वास होता की लग्नात सासरहून आलेला मिक्सरही त्यानं उलटा करून पाहिला होता.

"निघताय ना?" शेजारी बसत बायको म्हणाली. "आठला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आज गाडी रस्त्यात थांबली, तर विकायची. ठरलंय आपलं."

ठरलं होतं खरं. गाडी जुनी, पण त्याचा जीव की प्राण. तिचं इंजिन त्यानं मेकॅनिककडून खास जुळवून घेतलं होतं. आठवडाभर ऑफिसला जायला साधं पेट्रोल आणि रविवारी शर्यतीच्या मैदानावर जवळजवळ निव्वळ इथेनॉल. डॅशबोर्डखाली एक खटका होता. टाकीत जे असेल, त्याप्रमाणे तो फिरवायचा. मात्र इंधन बदलताना आधीचं सगळं काढून टाकायचं. गेल्या महिन्यात त्यानं यात आळस केला आणि गाडी बायकोच्या सगळ्या ऑफिससमोर बंद पडली. अट तेव्हापासूनची.

म्हणून काल मैदानावरून आल्यावर त्यानं वीस लिटर इथेनॉल नळीनं दोन कॅनमध्ये काढलं, कॅन शेडमध्ये ठेवले, कोपऱ्यावरच्या पंपावर दहा लिटर पेट्रोल भरलं आणि खटका पेट्रोलवर केला.

"काटा वर गेलाय," तो म्हणाला.

"मग बरंच आहे की."

"आपोआप कसा जाईल?"

"तुम्हाला कमी झालं तरी त्रास, जास्त झालं तरी त्रास. चला आता."

मागच्या सीटवर सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आज उजव्याची पाळी. संशयात त्या जावयाला हार जाणाऱ्या नव्हत्या. डॉक्टरांना त्यांनी पास कितव्या वर्षी झालात, नापास किती वेळा झालात, हे विचारून घेतलं होतं.

तिसऱ्या सिग्नलजवळ गाडीनं आचके दिले, ती खोकली आणि बंद पडली. बायकोनं घड्याळाकडे पाहिलं. सात वीस.

जावयानं खणातून काचेची नळी काढली, तिच्यात पाणी आणि टाकीतलं थोडं इंधन घेऊन हलवलं. खालचा पाण्याचा थर फुगला, म्हणजे अर्ध्याहून जास्त इथेनॉल. "पंपवाल्यानं भेसळ केली," तो दात ओठ खात म्हणाला. "त्याचा परवानाच रद्द करतो." मग त्यानं मेकॅनिकला फोन लावला आणि साक्षीदार असावेत म्हणून तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"साहेब, भेसळीनं काटा वाढतो होय?" मेकॅनिक म्हणाला. "टाकीत कोणीतरी ओतलंय."

"माझ्या वाईटावर असेल कोणीतरी."

"वाईटावरचा माणूस काढून नेतो, साहेब. ओततं ते घरचंच कोणीतरी."

जावयानं बायकोकडे पाहिलं.

"मी ओतलं," मागून सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, काल तुमच्या गाडीत चोर शिरला होता. मी खिडकीतून पाहिला. चेहरा काही दिसला नाही मला, पण ठेंगणा होता, पोट सुटलेलं, नळी तोंडात धरून पेट्रोल ओढत होता. दोन डबे भरून शेडमध्ये लपवले मेल्यानं. वर गाडीतून फिरून आला. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी चाचपडत गेले. टाकीचं झाकणही उघडंच टाकलं होतं त्या वेंधळ्यानं. तांब्यानं थोडं थोडं करून सगळं परत ओतलं."

"मला का नाही सांगितलंत, आई?"

"तुम्ही पोलिसांत गेला असतात आणि माझं ऑपरेशन राहिलं असतं."

बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. फोनमधून मेकॅनिकचा ठसका ऐकू आला. "साहेब, खटका इथेनॉलवर टाका आणि निघा. थोडा धूर सोडेल, पण पळेल."

गाडी पळाली ती अशी की सासूबाईंनी पिशवी सोडून पुढची सीट धरली. आठला पाच मिनिटं कमी असताना ते दवाखान्याच्या दारात होते. ती थांबली आईमुळे, हे बायकोनं मान्य केलं आणि गाडी वाचली. चोराचं वर्णनही मोतीबिंदूबरोबर निघून जाईल, अशी जावयाची समजूत झाली आणि त्याला मनापासून हलकं वाटलं.

दोन दिवसांनी सासूबाईंची पट्टी निघाली. त्या संध्याकाळी जावई अंगणात गाडीपाशी उकिडवा बसला होता, कारण पेट्रोल भरण्याआधी टाकी रिकामी करणं भाग होतं. नळी तोंडात होती. मान वर केली, तर खिडकीत सासूबाई उभ्या. उजवा डोळा लख्ख उघडा. त्याला नमस्कारही करता येईना.

सासूबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत सावकाश पाहून घेतलं.

"अगं," त्यांनी आत लेकीला विचारलं, "तुझ्यासाठी हे स्थळ मीच पसंत केलं होतं ना?"

"हो. का गं?"

"काही नाही. म्हणजे मोतीबिंदू तेव्हापासूनच होता म्हणायचा."