सतरा नंबरचे नातेवाईक

शिरोलीच्या बॉयलर कारखान्यात भट्टीत घालण्याआधी प्रत्येक पोलादी प्लेटची संमती घेत असत, आणि बुधवारी सकाळी सतरा नंबरच्या प्लेटने ती द्यायला साफ नकार दिला.

भट्टीवाले भिकोबा साळोखे शाईचा पॅड धरून उभे होते. एरवी प्लेट आपला कोपरा पॅडवर टेकवायची, अर्जावर उमटवायची, की झालं. ही जागची हलेना.

"काय गं, अडलंय कुठं?"

"मामा, भीती वाटते. नऊशे अंश म्हणजे काय थोडं झालं?"

"अगं, गिरणीत लाटून लाटून अंग आखडलंय तुझं. तापलीस की मोकळं होईल. मग वाफेनं कितीही रेटलं तरी तडा जायचा नाही."

"परवाच्या शाफ्टलाही असंच गोड बोललात. अन् लाल असतानाच पाण्यात बुडवलंत! किंकाळी इथवर आली."

"त्याला कठीण व्हायचं होतं. तुला साध्या हवेत निवू द्यायचं. पंखासुद्धा लावणार नाही."

प्लेटीने विचार केला. "मग निवेपर्यंत माझं माणूस जवळ पाहिजे."

एक वाजता भंगाराची गाडी यायची होती. संमती नसलेली प्लेट तिच्यात जाई. ही तर कार्बन बेताचा, गंधक नावाला, वेल्डिंगच्या जोडाला गुणी. अशी प्लेट वर्षात एखादी मिळते. भिकोबा तडक तपासणीच्या कामतसाहेबांकडे गेले.

"जवळ फक्त नातेवाइकाला बसता येतं. नियम सात," साहेब म्हणाले.

"मग लिहा की, मी तिचा मामा," भिकोबा म्हणाले.

"मामा तुम्हाला सगळ्याच प्लेटा म्हणतात."

साहेब स्वतः यार्डात आले. त्यांनी चष्मा लावून प्लेटीला विचारलं, "हे आपले कोण?"

"मामा. बाकीच्या सवयीनं म्हणतात, मी मनापासून म्हणते."

साहेबांनी तसं नोंदवलं. प्लेटीने कोपरा उमटवला. भिकोबा हातमोजे चढवू लागले.

"थांबा. नियम आठ. नातेवाइकाने भट्टी चालवायची नाही. मायेनं चूक होते," म्हणत साहेबांनी स्वतःच्या बाह्या सारल्या.

एकतीस वर्षं भट्टी चालवलेले भिकोबा पहिल्यांदाच बाहेरच्या बाकावर बसले. तीनदा उठले, तीनदा बसले.

"साहेब, दार उघडून बघू नका हो! गार वारा जातो आत!"

"नातेवाइकांनी शांतता राखावी," आतून उत्तर आलं.

तासाभराने प्लेट लालबुंद होऊन बाहेर आली. तिला लोखंडी घोड्यांच्या तिवईवर आडवं ठेवलं. भिकोबा पाच हातांवर स्टूल टाकून बसले आणि हळूहळू, थांबत थांबत, म्हशीचं सांगत राहिले. ती कशी व्यायली, रेडकाला कसं पाजलं. लाल रंग काळवंडला, मग करडा झाला. मध्येच भंगाराची गाडी आली आणि रिकामीच गेली.

"मामा, फार नाही दुखलं," प्लेट म्हणाली.

साहेबांनी चाचणीसाठी तिच्या कडेची पट्टी कापून पार दुमडली. भिंग लावून पाहिलं. कुठेही चीर नव्हती.

"उत्तम," ते म्हणाले, आणि भिकोबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

चारच्या सुमारास प्लेटा वाकवणारे पाटोळे वही घेऊन आले. "सतरा नंबर, गोल करायला. प्लेटीकडचं कोण आहे?"

भिकोबांनी टोपी नीट केली.

"मी," म्हणाले, आणि तिच्या मागोमाग चालू लागले.