प्रमुख, थरार व अनुभव

लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी, सुमित्राबाईंनी, मला गच्चीवर नेऊन सांगितलं होतं, "गाडी पळवणारा चालतो, कणम्मा. गाडीचं बोलणारा बेडा." कणम्मा म्हणजे अगं बाई, बेडा म्हणजे नको. सांगलीहून आलेल्या, एम. कॉम. झालेल्या मुलीने असल्या सल्ल्याकडे जसं बघावं तसंच मी बघितलं, म्हणजे बघितलंच नाही. पुढे निरीक्षणान्ती माझं असं मत झालं आहे की, मनुष्याच्या जिवाला वेगापासून फारसा धोका नाही. धोका आहे तो वेगाच्या प्रसिद्धीपासून.

माझा नवरा शरत रॅली चालवायचा, तेव्हा आमचं घर म्हैसुरातलं अत्यंत सुरक्षित घर होतं. एच. डी. कोटेच्या बाजूला मातीच्या वाटांवर तो गाडी उडवायचा खरा. पण अंगात आगीला न जुमानणारा पोशाख, डोक्याला हेल्मेट, मानेला आधार, आणि छातीवर पट्ट्यांची अशी बांधणी की श्वासही अर्ज करून घ्यावा. जवळ डॉक्टर, मागे रुग्णवाहिका, जागोजागी झेंडेवाले. शेजारच्या सीटवर एक माणूस, ज्याचं काम फक्त पुढचं वळण सांगणं. (घरच्या गाडीत हे काम बायको करते, पण तिचं ऐकण्याची अट नियमावलीत नाही.) शिवाय त्या वाटेवर समोरून कोणी येत नाही. म्हशी येत नाहीत, लग्नाची वरात येत नाही. आणि हाच माणूस घरी आला की दूध आणायला निघताना स्कूटरभोवती एक फेरी मारायचा, टायर दाबून बघायचा आणि इतक्या हळू जायचा की मागचे ऑटोवाले त्याच्या खानदानाची चौकशी करायचे.

मग त्याच्या वेळा काही सेकंदांनी घसरल्या, आणि प्रायोजकांच्या लक्षात आलं की हा माणूस जिंकल्यापेक्षा हरल्यावर जास्त चांगला हसतो. अशी गुणवत्ता वाया घालवणं बरं नव्हे. रॅली भरवणाऱ्या कंपनीने त्याला मार्केटिंगमध्ये घेतलं. पद: प्रमुख, थरार व अनुभव. विमा मात्र बंद झाला, कारण कार्यालयीन कामात जोखीम नसते.

नव्या पदाची कर्तव्ये थोडक्यात अशी: सदैव फोनवर असणे, दर दोन वाक्यांत 'थरार' आणणे, आणि एकही फोन न चुकवणे, कारण चुकलेला प्रायोजक दुसऱ्या खेळाकडे वळतो (बहुधा कबड्डीकडे). हे सारं कचेरीत बसून करता येईल. पण कचेरीत मीटिंगा असतात, म्हणून काम गाडीत करावं लागतं. एक हात स्टेअरिंगवर, एक फोनवर. डोळे कुठे असावेत याबाबत कंपनीचं धोरण अद्याप ठरलेलं नाही. पट्टा तो लावत नाही. पट्ट्याने शर्टाला सुरकुती पडते आणि व्हिडिओ कॉलवर ती दिसते. आमची चार वर्षांची पावनी मागच्या सीटवर उभी राहून प्रायोजकांना टाटा करते. तिला बसवून बांधलं तर ती कॅमेऱ्यात येत नाही, आणि प्रायोजकांना कौटुंबिक मूल्यं हवी असतात.

तुलनेसाठी आकडेवारी उपलब्ध आहे. रॅलीच्या सगळ्या वर्षांत शरत दोनदा उलटला आणि दोन्ही वेळा बाहेर येऊन त्याने केस नीट केले. मार्केटिंगच्या पहिल्या वर्षात आमच्याच गल्लीत दोन आरसे, एक तुळशीची कुंडी आणि एका निवृत्त न्यायाधीशांची मनःशांती भंगली. कंपनी याला 'स्थानिक पातळीवरील पोहोच' म्हणते.

दसऱ्यात आयुधपूजा आली. ज्याच्यावर पोट चालतं ते देवीपुढे ठेवायचं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, असा इथला रिवाज. सासऱ्यांचे पूर्वज राजाच्या फौजेत होते, म्हणून एक तलवारीची मूठ असते (पात्याचं काय झालं ते घरात विचारत नाहीत). शेजारी दरवर्षी शरतचं हेल्मेट असायचं. यंदा सासूबाईंनी हात पुढे केला.

"फोन ठेव."

"अम्मा, फोन काय आयुध आहे?"

"मग कशावर जेवतोस?"

फोनला कुंकू लागलं, शेवंतीचं फूल लागलं. तो दिवसभर देवीपुढे थरथरत होता. देवीने एकही कॉल घेतला नाही आणि जगही बुडालं नाही. शरतने पावनीला खांद्यावर घेऊन चालत मैदानापर्यंत नेलं. रस्ता ओलांडताना त्याने दोन्हीकडे बघितलं. मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीची गर्दी चुकवायला आम्ही तलकाडला निघालो. कंपनीचा रस्ता-सुरक्षा सप्ताह तोंडावर होता आणि संदेश ठरायचा होता: गाडी चालवताना फोन घेऊ नका. तो ठरवायला त्याच्या हाताखालच्या चंदनाचा फोन आला. शरतने गाडी चालवता चालवता तो घेतला.

"सर, 'नका' फार निगेटिव्ह होतंय ना, अल्लवा? प्रायोजकांना थरार पाहिजे."

"मग असं लिही. खरा थरार घरी पोहोचण्यात आहे."

"सूपर, सर."

"शरत, ट्रॅक्टर," मी म्हटलं.

"ट्रॅक्टर चांगला आहे. ग्रामीण ग्राहकही येतो. चंदना, ट्रॅक्टर घे."

वरुणा गाव मागे पडलं होतं. उसाने भरलेला ट्रॅक्टर वळत होता. ब्रेक लागले तेव्हा उसाचे शेंडे काचेला टेकले होते, आणि पावनी मागच्या सीटवरून पुढे, माझ्या हातांत आली होती. तिचा ओठ फुटला होता. ती रडली नाही, म्हणून मी तिचं नाव पुन्हा पुन्हा घेत राहिले. मग ती रडली. इतकं बरं वाटलेलं रडणं मी तिच्या जन्माच्या वेळी ऐकलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. त्याने शरतला कंपनीच्या जाहिरातीवरून ओळखलं आणि एक सेल्फी मागितला. शरत हसला. (हरल्यावर तो चांगला हसतो.) मग गाडी वळवून आम्ही दवाखान्याकडे निघालो. शरतने एका हाताने पावनीच्या ओठासाठी मला रुमाल दिला. फोन पुन्हा वाजला, आणि त्याच हाताने त्याने उचलला.

सासूबाई होत्या. "पोहोचलात का रे? सुम्ने, उगाच काळजी वाटली."

"पोहोचतोय, अम्मा."

"आवाज ऐकला, बरं वाटलं."

तेव्हा कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे काळजी करणारी माणसं नसतात, ती घरोघरी असतात. तुम्हीही आज कोणाला तरी 'पोहोचलास का' म्हणून फोन केला असेल, त्याने न पोहोचताच उचलला असेल, आणि तुम्हाला बरं वाटलं असेल. त्या वेळी त्याच्या गाडीत आणखी कोण होतं, ते एकदा जाऊन बघून याल का?