शकूकाकूंचं दीड वीत कॅबिनेट

कॉम्प्युटरच्या दुकानात शिरून, मांडलेल्या कॅबिनेटवर पंजा पसरून, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत मोजणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? नसेल, तर आमच्या शकूकाकूंबरोबर कॉलेज रोडला एक चक्कर मारा. दुकानदार बिचारा टेप पुढे करतो. काकू त्या टेपकडे अशा बघतात की तो ती गुंडाळून परत खिशात घालतो.

"माझ्या घरात माझं माप चालतं," काकू म्हणतात. "दीड वीत. त्यावर बोटभरही नको."

कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा डबा. आतली सगळी आतडी ज्यात बसवतात तो. एवढ्याशा डब्यासाठी या बाईने नाशिकमधल्या झाडून सगळ्या दुकानदारांना घाम फोडला होता.

शकूकाकू म्हणजे इंदिरानगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. उंची जेमतेम, आवाज मात्र तीन मजले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, रिटायर झाल्या, पण आवाज काही रिटायर झाला नाही. यजमान नाना सातपूरच्या एका कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या यंत्रावर होते. माणूस म्हणजे गरीब गाय! दिवसभर काकूंचा आवाज जिन्यात घुमत असायचा, "अहो, तोंडाकडे बघा माझ्या! मी काय भिंतीशी बोलतेय?" आम्ही सगळे नानांची कीव करायचो.

हे "तोंडाकडे बघा" फक्त नानांनाच नव्हतं. कुरियरवाला, गॅसवाला, मी, कुणालाही सूट नाही. मोबाइलमध्ये डोकं घालून हो-हो करणाऱ्याचा तर त्या मोबाइलच काढून घेत.

कॉम्प्युटर कशाला हवा होता? महापालिकेला तक्रारी लिहायला! खड्डे, कुत्री, पाण्याची वेळ. "मोबाइलवर माझा राग मावत नाही," काकू म्हणाल्या. पुण्याची मुलगी लॅपटॉप पाठवायला निघाली होती. काकूंनी साफ नाही म्हणून सांगितलं. "लॅपटॉप उघडला की मध्ये भिंत उभी राहते. मला माझ्या घरात भिंत नकोय." आता याला काय बोलायचं?

मग त्यांनी एकेक भाग आणला आणि व्हिडिओ बघून स्वतः जोडला. मदरबोर्ड देवघरातल्या पाटावर नवरदेवासारखा बसवला, वर क्रोशाचा रुमाल. मॉनिटर टांगला भिंतीला. आणि काय सांगू, चालू झालं की ते प्रकरण! पण दुसऱ्याच दिवशी खिडकीतून कबुतराचं पीस आलं ते त्याच्या उघड्या पंख्यात अडकलं. डबा तर पाहिजेच होता.

आता हा डबा ठेवणार कुठे, तर जेवणाच्या टेबलावर. टेबल एवढं की समोरासमोर दोन ताटं मांडली की मीठ हातात धरून बसावं. त्या दोन ताटांच्या मधे जी जेमतेम वीतभर जागा, तिथे कॉम्प्युटर.

"टेबलाखाली ठेवा ना," मी म्हणालो.

"आणि पाय लागला म्हणजे? विद्या आहे ती! दसऱ्याला पूजा करायची आणि वर्षभर लाथा मारायच्या?"

"मग टेबलावर आडवा ठेवा."

"आणि ताटं काय तुझ्या डोक्यावर मांडू?"

दुकानात हीच तऱ्हा. एकाने काचेचं, दिव्यांचं कॅबिनेट दाखवलं. "आंटी, याचे रंग बदलतात."

"मला घट बसवायचे नाहीयेत."

दुसरा समजावायला गेला, "आंटी, छोट्या कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही."

"आमच्या फ्लॅटमध्येही खेळत नाही. मेलो का आम्ही?"

शेवटी त्यांनी जाहीर करून टाकलं. दीड वीत मिळालं नाही तर सगळे भाग भंगारात जातील, पण त्याहून उंच डबा त्या टेबलावर चढणार नाही. एकदा बोलल्या म्हणजे बोलल्या. हट्टाला काही सीमा? मला तर वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

मग एकदा त्या घोटीला भाचीच्या डोहाळजेवणाला गेल्या असताना दुकानदाराचा फोन आला, लहान कॅबिनेट आली आहेत, शेवटचे दोन-तीन नग. काकूंनी तिकडून मला पिटाळलं. "दीड वीत. नीट मोज."

मी नीट मोजलं. पंजा पसरला, दीड वीत बरोब्बर भरली, बोटभरही वर नाही. छाती फुगवून डबा घरी आणला. नानांनी आणि मी आतडी भरली, टेबलावर मांडला. नाना खूश. मीही खूश. तक्रारी लिहिणाऱ्या बाईची सोय झाली एकदाची!

संध्याकाळी काकू आल्या. डब्याकडे बघितलं, माझ्या पंजाकडे बघितलं.

"कुणाच्या हाताने मोजलंस?"

"माझ्या."

कपाळावर हात मारून त्या आपल्या खुर्चीवर बसल्या. समोर नाना बसलेले, मधे डबा. माझ्या बाजूने दोघंही दिसत होती, पण त्यांना एकमेकांचे फक्त केस दिसत असणार. काकू म्हणाल्या, नेहमीच्याच खणखणीत आवाजात, "चहा टाकू का?"

नाना हसले. "हो ना, पंखाही छान चालतोय," म्हणाले.

मी खो खो हसलो. काकू हसल्या नाहीत. त्या खुर्चीवरून वाकल्या, डब्याच्या बाजूने तोंड पुढे काढलं आणि तेच विचारलं. नाना लगेच म्हणाले, "अर्धा कप."

माझं हसू तोंडातच राहिलं.

काकू मला जिन्यात घेऊन आल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू ऐकला. "त्या यंत्राने कान खाल्ले ह्यांचे. ओठ बघून समजून घेतात. कुणाला कळू देत नाहीत. मला पण माहीत नाही असं वाटतं त्यांना."

"मग सांगा ना तुम्ही! कानाचं मशीन मिळतं आता."

"ह्यांचे मोठे भाऊ मशीन लावायचे. सगळं घर त्यांना बहिरोबा म्हणायचं, हे सगळ्यांत पुढे. आता स्वतःचं कोणत्या तोंडाने सांगतील?" त्यांनी पदराने डोळे पुसले आणि लगेच डोळे वटारले. "सांगायचं तेव्हा सांगतील. तोवर माझं तोंड त्यांना दिसलं पाहिजे. आणि तू कुणाला बोललास तर बघ!"

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. एवढी वर्षं आम्ही भलत्याच माणसाची कीव करत होतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी काकूंना घेऊन तिथे हजर. दुकानदार वैतागला. "साहेब, जरासाच तर फरक आहे. ॲडजस्ट करा ना."

"होणार नाही ॲडजस्ट," मी ओरडलो. "हात बघ काकूंचा! हे माप. ते नसेल तर मागव, मुंबईहून मागव, पण हेच पाहिजे!" काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. आठवड्याने आलं ते. ठेंगणं, काळं, एक दिवा नाही त्याला. काकूंनी वीत लावली आणि मान हलवली.

परवा दुपारी त्यांच्याकडे विरजण मागायला गेलो. आतलं दार उघडं, जाळीचं बंद. घरात चिडीचूप. म्हटलं झोपले असतील, परत फिरणार, तेवढ्यात आत नजर गेली. दोघं टेबलाशी समोरासमोर, मधे ते ठेंगणं कॅबिनेट, पंखा फिरतोय. काकू हातवारे करून महापालिकेला शिव्या घालत होत्या. ओठ भराभर चालले होते आणि तोंडातून आवाज एक नाही. घरात तिसरं कुणी नव्हतं, मग आवाज कुणासाठी काढायचा?

आणि समोर नाना, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

मी दोन पावलं मागे सरलो आणि मोठ्याने बेल वाजवली. आतून लगेच तीन मजली आवाज आला, "अहो, तोंडाकडे बघा माझ्या! कोण आलंय बघा जरा!"