आगीच्या खांबाखालचा ठराव

लंडनच्या पिनर उपनगरातल्या मराठी स्नेहसंघात पाडव्याच्या जेवणाला सुनीतीबाईंनी आमटीला फोडणी दिली आणि हॉलचा फायर अलार्म कोकलू लागला. सगळी पंगत जरीच्या साड्या-सदऱ्यांसकट पावसात जाऊन उभी राहिली. बंबवाले आले, कढईत डोकावले आणि शिंकत परत गेले. नुकसान कसलंच झालं नव्हतं, म्हणून कार्यकारिणीने चौकशी समिती नेमली.

अहवाल येईपर्यंत अध्यक्ष कमलाकर यांनी बाईंची पळी काढून घेतली. म्हणजे गणपतीचा नैवेद्य केटरर करणार. बाई घरी एवढंच म्हणाल्या, की तो मेला आमटीत केचप घालतो. देव पहिल्या घासालाच उंदराला हाक मारेल.

अहवाल आला. संबंधित व्यक्तीस आगीचे गांभीर्य नाही. सबब लंडनच्या महाआगीच्या स्मरणार्थ उभारलेला खांब तिला दाखवण्यात यावा. एकट्या बाईंसाठी कोच, म्हणजे भाड्याची बस, करणं बरं दिसेना, म्हणून सगळेच निघाले, डबे घेऊन.

खांबाखाली कमलाकरांचं भाषण झालं. तोवर बाई मान मागे टाकून टोकावरच्या सोनेरी ज्वाळा न्याहाळत होत्या. मग त्यांनी नातीला, मायराला, विचारलं की ही आग लावली कुणी. मायराने फोनवर पाहून सांगितलं, एका बेकरीवाल्याच्या घरात लागली.

"मग त्याचं काय केलं?"

"काहीच नाही केला, आजी. एका फ्रेंच माणसाला फाशी दिला. तो म्हणाला, मीच लावली. बट तो तर आग लागल्यानंतर लंडनला आला होता."

कमलाकरांनी "नंतर आला होता?" असं पुन्हा विचारून घेतलं. हॉलवाल्यांना दोषीचं नाव हवं होतं. नावाशिवाय गणपतीला हॉल मिळणार नव्हता. कमलाकरांची नजर अपूर्ववर गेली. नागपूरचा हा मुलगा गेल्याच महिन्यात वर्क व्हिसावर आलेला, आणि आत्ता सगळ्यांचे कोट सांभाळत उभा.

"अहो, पण पाडव्याला तो नागपुरात होता," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच, ताई. इथल्या कुणाचं नाव घेतलं तर मनं दुखावतील."

बाईंच्या डोळ्यांपुढे केचपची बाटली आली. त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

परतीच्या कोचमध्ये, अलार्म अपूर्वमुळे वाजला, असा ठराव एकमताने संमत झाला. अपूर्वनेही हात वर केला; नव्या माणसाने पहिल्याच मीटिंगला विरोध कसा करायचा? बाईंनी त्याला दोन लाडू जास्तीचे दिले.

गणपतीला अलार्मवर शॉवर कॅप चढवली आणि बाईंनी फोडणी दिली. आमटी अशी झाली, की वाढपी पुरेनात. अपूर्वला सुरक्षेच्या कारणास्तव कार पार्कमध्ये बसवलं होतं. त्याचं ताट तिथे पोचतं केलं. आता तुम्ही म्हणाल, आपण असतो तर बोललो असतो. पण तुम्ही होतात की. गाडी लावताना त्याला हसून हात केलात आणि आत येऊन दुसऱ्यांदा आमटी मागितलीत.