जुना संगणक आणि 'हो' म्हणणाऱ्या सासूबाई

बाळांनो, जवळ या. मोबाइल उलटे ठेवा. एका जंगलात एक सशीण राहत होती. ती एम.ए. होती, म्हणजे तिला काळजी करायला पुष्कळ विषय होते.

तिच्या बिळात एक जुना संगणक होता. बाळाच्या पहिल्या उडीचा व्हिडिओ फक्त त्यातच होता. पण तो उघडायला जावं, तर वर जाहिरात येई. 'कान लांब करा.' ती बंद करावी, तर खालून दुसरी. 'कान आखूड करा.'

ससा म्हणाला, "रविवारी माकडभावजी येताहेत. सगळं पुसून कोरं करतील."

"आणि उडी?"

"पुन्हा मारेल की. दिवसभर दुसरं काय करतो तो?"

सशीण स्वतःच कामाला लागली. न बोलावता आलेले प्रोग्राम यादीतून एकेक काढू लागली. प्रत्येक जण जाताना विचारी, 'तुमची खात्री आहे का?' खात्री तर तिला बाळाचं दूध कोमट असल्याचीही नसे. तरी तिने डोळे मिटून बटण दाबलं. ब्राउझरला चिकटलेली जाहिरातींची शेपटं उपटली. संगणक स्वच्छ झाला.

आता व्हिडिओ कॉपी करणार, तोच बाळ रडलं.

"तू जा, मी बसते इथे," सासूबाई म्हणाल्या. त्या कधीच कशाला नाही म्हणत नसत.

ती परत आली, तर सगळे प्रोग्राम हजर. असं तीनदा झालं. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. चौथ्यांदा ती दाराआडून बघत राहिली.

चौकट उगवली. 'मोफत गाजर-घड्याळ घ्याल का?' सासूबाईंनी पदर सावरला आणि 'हो' दाबलं.

"आई, हे काय?"

"अगं, दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं?"

सशिणीने त्यांचा पंजा धरून 'नाही' दाबायला शिकवलं. चौकट मुकाट्याने गेली. सासूबाई बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. साठ वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी व्हिडिओ रांगत रांगत कॉपी होत होता. माकड आलं. "मावशी, पुसायला घेऊ?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

व्हिडिओ वाचला. सशिणीचे डोळे भरून आले. "आई, पाच मिनिटं बाळाला घेता? शांतपणे बघते."

"नाही," सासूबाई गोड हसून म्हणाल्या, आणि फिरायला गेल्या.

तात्पर्य: संगणकातल्या जाहिराती काढू नयेत. त्या निदान बाळ सांभाळणाऱ्याची 'हो' म्हणायची सवय टिकवून ठेवतात.