सामाईक भिंतीवरचा टीव्ही

मुरबाडहून केबलवाल्याला बोलवायचं नाही, असं आदेशने ठरवलं, तिथूनच सगळं बिघडलं.

बोलवला असता तर तो जीपने आला असता, चहा पिऊन तासाभरात टीव्ही लावून गेला असता. पण आदेश आठ वर्षं बंगळूर आणि दिल्लीत शिकून, नोकरीवर पाणी सोडून गावात परतला होता तो गावाचं भलं करायला. गावाने आपली कामं आपल्या हाताने करावीत, हे त्याचं तत्त्व. (त्याच्या हाताने आजवर एक बल्ब बदलला होता. तोही होल्डरसकट निघाला होता.) संध्याकाळी वस्तीला शेतीचे कार्यक्रम दाखवावेत म्हणून त्याने साठवलेल्या पैशातून भिंतीवरचा चपटा टीव्ही आणला होता. २००८ सालात तसला टीव्ही वस्तीने पाहिलेला नव्हता.

भिंत कुठली, हा प्रश्नच नव्हता. घरात मोकळी भिंत एकच होती, मधली. आठ वर्षांपूर्वी त्याचे वडील कोंडू आणि धाकटा काका कान्हा यांची वाटणी झाली, तेव्हा घराच्या बरोबर मधोमध चार इंची विटांची ही भिंत उभी राहिली. अलीकडे कोंडू, पलीकडे कान्हा. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. बांधावर समोरासमोर आले तरी एक सिद्धगडाच्या डोंगराकडे बघायचा, दुसरा चपलेकडे.

आता बहिणीचं, भूमिकाचं, लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. मांडवाची पहिली मेढ नवरीच्या काकाने रोवायची, ही त्यांच्याकडची रीत. पण काकाला सांगायचं कोणी? आईने दोनदा विषय काढला, कोंडूने दोनदा पान थुंकलं. मग आदेशने जेवणाच्या ताटावर वडिलांना बंधुभाव या विषयावर पाऊण तास ऐकवलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि भात मागितला.

रविवारी दुपारी वस्तीतली दहाबारा माणसं टीव्ही बघायला ओटीवर जमली. आदेशने वेल्डिंगवाल्याकडून ड्रिल मशीन आणलं होतं आणि टीव्ही टांगायची पट्टी पक्की बसावी म्हणून बोल्ट घेतले होते सहा इंची.

दाराशी तंबाखू मळत बसलेला कोंडू एवढंच म्हणाला, "भिंत पातळ हाय रे."

आदेशने त्यावर वजन, भार आणि पकड यांचं शास्त्र समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. चार भोकं पडली, चार बोल्ट आत गेले. शेवटचे दोन तर लोण्यात गेल्यासारखे गेले, तेव्हा आदेशला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

राहिली वायर. बाहेर लोंबणाऱ्या वायरी त्याला गावाच्या मागासपणाची खूण वाटायच्या. भिंत बांधतानाच कोंडूने गवंड्याकडून आत पाइप टाकून त्यातून केबलच्या वायरी ओढून घेतल्या होत्या, त्याच वापरायच्या होत्या. आदेशने भिंतीतल्या डबीचं झाकण काढलं. आत तीन वायरी. एक वरून, पत्र्यावरून येणारी. एक खाली कोपऱ्यात, जुन्या टीव्हीकडे जाणारी. आणि तिसरी? तिसरी सरळ आत, पलीकडे गेली होती.

आदेशने ती ओढून पाहिली. मग, वैज्ञानिक पद्धतीला धरून, पकडीने कापून पाहिली.

पलीकडे कान्हाकाकाच्या घरात मालिकेतली बाई मोठ्याने रडत होती. ती हुंदक्याच्या मध्येच गप्प झाली.

कान्हाकाकाच्या पत्र्यावर एक वाकडी अँटेना होती आणि आपला टीव्ही तिच्यावरच चालतो, असं तो आठ वर्षं साऱ्या गावाला सांगत आला होता. आदेशच्या डोक्यात मात्र न्यायाचा दिवा पेटला होता. कापलेलं टोक हातात धरून तो लोकांकडे वळला.

"बघा, आपल्या केबलची चोरी चाललीय. घरातली माणसंच असं करतात, मग गाव सुधारणार कसं?"

आईने पदर तोंडाला लावला. कोंडूने मळलेली तंबाखू पुडीत परत टाकली.

"ती वायर मी टाकलीय," तो म्हणाला. "वाटणी घराची केली. बातम्यांची नाय केली."

आदेशच्या हातातलं टोक एकदम जड झालं. (सहा इंची बोल्टपेक्षा जड.) वडिलांनी आठ वर्षं भिंतीत जपून ठेवलेली एवढीशी माया त्याने दहाबारा माणसांपुढे उघडी पाडली होती आणि काकाला चोर ठरवलं होतं. भिंत चार इंची, पलीकडे शब्दन्‌शब्द ऐकू गेला असणार. आता मेढ रोवायला काका कशाला येतोय? भूमिका आतल्या दारात उभी होती. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना. जमीन दुभंगावी असं त्याला वाटलं. पण जमीन शेणाने सारवलेली आणि घट्ट होती.

तेवढ्यात दारात कान्हाकाका उभा राहिला. आठ वर्षांत पहिल्यांदा. हातात देवाच्या फोटोचं कॅलेंडर, मधोमध भोक पडलेलं.

"काका, माझं चुकलं," आदेश पुटपुटला.

काकाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"दादा," तो कोंडूला म्हणाला, "मी भिंतीला टेकून बसलेलो. पयला बोल्ट माझ्या कानाशी आला. मी गप्प. दुसरा आला, गप्प. आपलं बोलणं बंद, मंग सांगू कसा? चवथा देवाच्या पोटातून आला तरी गप्प बसलो. पण टीव्ही बंद केला आणि वर चोर म्हणतो?"

कोंडू उठला. कॅलेंडर हातात घेऊन भोकातून त्याने धाकट्या भावाकडे पाहिलं.

"लागलं तर नाय ना तुला?"

"नाय. टोपी पडली." कान्हाने हनुवटीने आदेशकडे खूण केली. "पोरगं शिकलं कुठं हे?"

"दिल्लीला."

"मंग बराबर."

आधी कोंडू हसला, मग कान्हा, मग ओटीवरची दहाबारा माणसं. आईने चहाला आधण ठेवलं. पुढचा तासभर दोघे भाऊ शेजारी बसून आदेशविषयी बोलले: लहानपणी तो विहिरीत बादली सोडून दोर हातात घेऊन कसा परत आला होता, बल्ब होल्डरसकट कसा काढला होता. आठ वर्षांचं साचलेलं बोलणं होतं आणि विषय त्याला एकच मिळाला. आदेश समोरच पकड घेऊन उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुरबाडचा केबलवाला आला, चहा प्यायला आणि तासाभरात दोन्ही घरं जोडून गेला.

लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ कान्हाकाकानेच रोवली. आदेश मदतीला पुढे झाला, तेव्हा दोघे भाऊ एकदमच म्हणाले, "तू हात लावू नको."

बोल्ट मात्र काढता आले नाहीत. काढले तर अलीकडे टीव्ही पडतो. ते अजून काकाच्या भिंतीतून बाहेर आलेले आहेत. एकावर काकाची टोपी असते, दुसऱ्यावर छत्री, तिसऱ्यावर बाजाराची पिशवी. चौथा मोकळा आहे. कोणी पाव्हण्याने विचारलं तर काका सांगतो, "तो ऱ्हाऊ द्या. त्यावर आदेशचं सर्टिफिकेट लावायचंय."